दोन मोटर लावल्या म्हणजे झालं का? विमानातल्या इलेक्ट्रोमेकॅनिकल अ‍ॅक्च्युएटरबद्दल

माटुंग्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "विमानातलं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, काढून त्या जागी विजेच्या मोटरने पंखाचे हलते भाग ढकलणारा इलेक्ट्रोमेकॅनिकल अ‍ॅक्च्युएटर बसवायचा, असा आमचा प्रोजेक्ट आहे. एक मोटर गेली तर दुसरीने काम करावं म्हणून आम्ही दोन मोटर लावतोय. एवढं पुरेल ना? आणि पुरत असेल तर मोठ्या विमानांनी अजून तेल का सोडलं नाही? मुंबईत राहून या विषयात खरं काम करता येतं का?"

पुरणार नाही. तीन लावल्या तरी पुरणार नाही. मोटर बंद पडणं हा या यंत्राचा सगळ्यात मोठा धोका नाहीच. तेलाचा सिलिंडर बिघडतो कसा आणि तुझा अ‍ॅक्च्युएटर बिघडतो कसा, हे आधी शेजारी शेजारी ठेवून बघ.

मोठ्या विमानाच्या एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलंडवणारा हलता पृष्ठभाग) किंवा रडरला (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा पृष्ठभाग) सहसा एकाहून अधिक हायड्रॉलिक सिलिंडर जोडलेले असतात. त्यातल्या एकाचा दाब गेला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो. पिस्टनच्या एका बाजूचं तेल बारीक छिद्रातून दुसऱ्या बाजूला जायला लागतं. शेजारचा सिलिंडर पृष्ठभाग हलवत राहतो आणि मेलेला सिलिंडर मुकाट्याने त्याच्या मागे जातो. शिवाय छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा थोडा विरोध असतो, त्यामुळे पृष्ठभाग फडफडत नाही.

आता इलेक्ट्रोमेकॅनिकल अ‍ॅक्च्युएटर घे. पुढे त्याला ईएमए म्हणतो. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, गिअर तो वेग कमी करतात आणि बॉलस्क्रू त्याचं सरळ रेषेतल्या ढकलण्यात रूपांतर करतो. बॉलस्क्रूच्या नटमध्ये पोलादी गोळ्या एका वाटेने फिरत असतात. एखादी गोळी फुटली, गिअरच्या दात्याचा तुकडा मध्ये आला किंवा ग्रीस संपून आतला धातू खरवडला, तर नट जागीच अडकतो. एलेरॉन त्या क्षणी ज्या कोनात असेल त्याच कोनात खिळून बसतो. शेजारचा अ‍ॅक्च्युएटर ठणठणीत असला तरी त्याला काही करता येत नाही, कारण मेलेला जोडीदार दांडा धरून बसलाय. सिलिंडर हात सैल सोडून मरतो, ईएमए मूठ आवळून मरतो. या क्षेत्रात बावीस वर्षं काढल्यावर मी एवढंच सांगेन की ईएमए चालवणं अवघड नाही, त्याला सोडायला शिकवणं अवघड आहे.

मग तेल काढायचंच कशाला? कारण तेलाचाही एक भयंकर दोष आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली. विमानात तीन वेगवेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, पण तिघींच्याही नळ्या शेपटीत एकमेकींच्या जवळ होत्या. तुकड्यांनी तिन्ही कापल्या आणि सगळं तेल वाहून गेलं. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान अमेरिकेतल्या सू सिटी शहरापर्यंत आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. त्याआधी १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या ७४७ विमानाचा मागचा दाबरोधक पडदा फाटला. त्या विमानात चार यंत्रणा होत्या. चारही गेल्या आणि ५२० माणसं मेली.

हे समजायला मुंबईकराला लांब जायची गरज नाही. कुर्ला-सायन भागात मध्य रेल्वेचे चार रूळ आहेत, दोन धिमे आणि दोन जलद. धिम्यावर गाडी बंद पडली तर जलदवरून वाहतूक काढतात. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा चार रुळांचा काहीच उपयोग झाला नाही, कारण चारही त्याच खोलगट जमिनीवर होते. मी त्या रात्री सायनच्या पुलाखालून कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलो होतो. डीसी-१० च्या तीन नळ्यांबद्दल पुस्तकात वाचलेलं मला खऱ्या अर्थाने त्या रात्री कळलं.

हेच आकड्यांत मांडून बघ. समजा तुझी एक वाहिनी, म्हणजे मोटर, तिचा ड्राइव्ह (तिला मोजून वीज देणारं इलेक्ट्रॉनिक्स) आणि सेन्सर मिळून, सरासरी एक लाख तासांत एकदा बिघडते. दोन वाहिन्या पूर्णपणे स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच तासात जाण्याची शक्यता हजार कोटी तासांत एकदा. प्रवासी विमानांसाठी सर्वनाशी बिघाडाची मर्यादा १०० कोटी उड्डाण तासांत एकदा अशी धरतात, म्हणजे तू कागदावर उत्तीर्ण झालीस. पण शंभरातला एक बिघाड जरी दोघींना एकाच वेळी मारणारा निघाला, म्हणजे तीच वीज, तोच कनेक्टर, तीच उष्णता किंवा तीच सॉफ्टवेअरची चूक, तर एकूण शक्यता होते एक कोटी तासांत एकदा. मर्यादेपेक्षा शंभरपट वाईट. इथे तिसरी मोटर लावून हा आकडा सुधारत नाही, कारण तो आकडा मोटरांच्या संख्येवर अवलंबूनच नाही. नियमांत याहून कडक अट अशी आहे की कोणताही एकटा बिघाड, त्याची शक्यता कितीही कमी असो, सर्वनाशी ठरता कामा नये. बॉलस्क्रू एकच असेल तर तो याच अटीवर अडतो.

माझाच एक अनुभव सांगतो. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या चाचणीगृहात आम्ही दोन मोटरांचा अ‍ॅक्च्युएटर चाचणीला लावला होता. दोन वेगळे वीजपुरवठे, दोन वेगळे ड्राइव्ह, दोन वेगळ्या पाट्यांवरचे प्रोसेसर. रात्रभर चाललेली चाचणी पहाटे थांबली आणि दोन्ही वाहिन्यांनी एकाच सेकंदाला 'स्थान माहीत नाही' असा इशारा दिला. दोन्ही रिझॉल्व्हरच्या (दांड्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरी आम्ही नीटनेटकं दिसावं म्हणून एकाच पाइपातून नेल्या होत्या. जुलैचा महिना होता. वरच्या एसीचं पाणी त्या पाइपातून ओघळत खालच्या जोडावर साचलं होतं. आमच्या कागदावरच्या आकृतीत त्या दोन वायरी दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत होत्या. तेव्हापासून मी नवीन मांडणीची फक्त आकृती बघत नाही. हातात टॉर्च घेऊन प्रत्येक वायर जाते कुठून ते बघतो.

आता सोडायला शिकवण्याचे मार्ग. दोन मोटर एकाच दांड्यावर बसवल्या तर त्यांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बेरजेत जातो. एक गेली तर वेग तोच राहतो, जोर निम्मा होतो. पण गेलेल्या मोटरची बेअरिंग अडकली तर तिने चांगलीलाही धरून ठेवलं. दुसरा मार्ग वेगाच्या बेरजेचा. त्यासाठी मध्ये डिफरन्शियल लागतो आणि तो तुला रोज रस्त्यावर दिसतो. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये असतो तोच. रिक्षात इंजिन मधला भाग फिरवतं आणि चाकं आपापल्या वेगाने फिरतात. तू हे उलटं कर: दोन मोटर चाकांच्या जागी लाव आणि काम मधल्या भागाकडून घे. मधल्या भागाचा वेग दोन्ही मोटरांच्या वेगाची सरासरी असतो. एक मोटर जागीच अडकली तरी दुसरी काम करत राहते, वेग निम्मा होतो, जोर मात्र पूर्ण मिळतो.

पण यात एक सापळा आहे. पावसाळ्यात रिक्षाचं एक चाक चिखलात रुतलं की तेच गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. तुझी एक मोटर अडकण्याऐवजी नुसती मेली, म्हणजे मोकळी फिरायला लागली, तर अगदी हेच होतं. चांगल्या मोटरची सगळी ताकद मेलेल्या मोटरला उलटं फिरवण्यात जाते आणि हवा एलेरॉनला हवं तिथे नेते. म्हणून प्रत्येक मोटरला वीज गेली की आपोआप लागणारा स्प्रिंगचा ब्रेक हवाच. तो ब्रेक लागतो की नाही हे प्रत्येक उड्डाणाआधी तपासायला हवं, कारण रोजच्या कामात त्याची कधी गरजच पडत नाही. असे झोपलेले भाग बिघडले तरी कळत नाहीत, आणि कळतात ते नेमके नको तेव्हा.

डिफरन्शियलच्या पुढे बॉलस्क्रू तरी एकच राहिला. त्यासाठी काही जण दांड्याच्या टोकाला सुटणारा क्लच लावतात, काही ठरावीक जोरावर तुटणारी पिन ठेवतात, काही दोन बॉलस्क्रू समांतर बसवून अडकलेला वेगळा करण्याची सोय करतात. पिन मला आवडत नाही. ती तुटेल का हे तपासायचं तर ती तोडावीच लागते, आणि वर्षानुवर्षं ताण खाऊन ती अवेळीही तुटू शकते. क्लच तपासता येतो, पण तो चुकून सुटला तर काय, याचं उत्तर आधी लिहून ठेवावं लागतं.

कारण सोडणं हे प्रत्येक ठिकाणी बरोबर नसतं. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाच्या शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या स्क्रूच्या नटचे आटे ग्रीसअभावी झिजून गेले. नटने स्क्रू सोडला, पंख नको त्या कोनात गेला आणि ८८ जण समुद्रात गेले. तिथे अ‍ॅक्च्युएटरने घट्ट धरून राहणं हेच बरोबर होतं. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मोटरचं नाव लिहू नकोस. हा पृष्ठभाग बिघडल्यावर कुठे असायला हवा, ते लिही. आडव्या पंखाने आहे तिथे थांबावं. फ्लॅपनेही (उडताना-उतरताना पंखाच्या मागून बाहेर येणाऱ्या भागाने) थांबावं, पण डावा-उजवा सारखा राहील असा. स्पॉइलरने (पंखाच्या वर उघडून त्याची उचल कमी करणाऱ्या फळीने) खाली बसावं. एलेरॉनने सोडावं, पण थोडा विरोध ठेवून, नाहीतर फ्लटर, म्हणजे वाढत जाणारी फडफड, सुरू होऊन पंखच तुटतो. हा विरोध ईएमएमध्ये मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, रेझिस्टरमधून शॉर्ट करून मिळवता येतो, पण त्यासाठी गिअर उलट्या बाजूनेही फिरतील असे निवडावे लागतात. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे ते असं.

मोटरबद्दलही सांगतो, कारण तिथेही तुमच्या मांडणीत एक भोक असणार. कायम चुंबकाच्या मोटरचा एक फेज, म्हणजे वाइंडिंगचा एक गट, तुटला तर फार बिघडत नाही. त्रास आहे तो वाइंडिंगच्या काही वेढ्यांमध्ये शॉर्ट झाला तर. वीज तोडली तरी चुंबक तोडता येत नाही. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, फिरतोय तोवर त्या शॉर्ट झालेल्या वेढ्यांत प्रवाह वाहतच राहतो, तांबं तापतं, इन्सुलेशन जळतं आणि मोटर स्वतःच ब्रेक बनते. यावर ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या बॅरी मेक्रो आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात चांगलं काम केलं. प्रत्येक फेजचं कॉइल मोटरच्या लोखंडी गाभ्याच्या स्वतंत्र दातावर गुंडाळायचं, म्हणजे फेज एकमेकांना शिवत नाहीत. प्रत्येक फेजला स्वतःचा वेगळा ब्रिज, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, द्यायचा. आणि इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइलचा होणारा विरोध) मुद्दाम इतका ठेवायचा की पूर्ण फेज शॉर्ट झाला तरी प्रवाह नेहमीच्या कमाल प्रवाहाइतकाच राहील. मग चार-दोन वेढे शॉर्ट झाले की ड्राइव्हनेच तो सगळा फेज शॉर्ट करून टाकायचा, आणि प्रवाह सहन होण्याइतका खाली येतो.

फेज किती घ्यायचे? एक गेल्यावर उरलेल्यांनी पूर्ण काम करायचं असेल तर तीन फेजना प्रत्येकी दीडपट, पाचांना सव्वापट आणि सहांना १.२ पट क्षमता द्यावी लागते. सहाच्या पुढे फायदा किरकोळ आणि बिघडायला सुटे भाग जास्त. मी बहुतेक वेळा सहावर थांबतो.

उष्णतेकडे मात्र विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. हायड्रॉलिकमध्ये तेल फिरता फिरता उष्णता घेऊन जातं. शिवाय एलेरॉन एका कोनात धरून ठेवायचा तर व्हॉल्व्ह बंद केला की अडकलेलं तेल जवळजवळ फुकट धरून ठेवतं. ईएमएची मोटर हलत नसली तरी धरून ठेवायला प्रवाह लागतो, आणि ती उष्णता पातळ पंखाच्या बंद कप्प्यात तिथेच साठते. त्यातही रोटर अशा कोनात थांबला की एका फेजमधून शिखर प्रवाह सतत वाहतोय, तर तो फेज फिरत्या मोटरच्या सरासरीपेक्षा दुप्पट तापतो. तुमची उष्णतेची चाचणी मोटर फिरती ठेवून केली असेल तर ती रद्द समजा. सगळ्यात वाईट कोनात मोटर थांबवून, पूर्ण भार लावून पुन्हा करा. आणखी एक: हवा कधीकधी पृष्ठभागाला तुमच्याच दिशेने ढकलते, तेव्हा मोटर जनरेटर होते. आपल्या लोकल ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठवतात. विमानात ती घ्यायला कुणी असेलच असं नाही, म्हणून ती जिरवायला रेझिस्टर आणि त्याच्या उष्णतेला पुन्हा जागा.

आता विमान उत्पादक काय करतात ते बघ, म्हणजे ते घाबरट नाहीत हे कळेल. एअरबस ए३८० मध्ये तीनऐवजी दोनच हायड्रॉलिक वर्तुळं ठेवली आणि जोडीला विजेवर चालणारे दोन मार्ग दिले. पण त्या विजेच्या मार्गावर बसवले ते ईएचए, म्हणजे मोटर, छोटा पंप आणि स्वतःपुरतं तेल एकाच डब्यात. एफ-३५ लढाऊ विमानातही मुख्य पृष्ठभागांना असेच ईएचए आहेत. लांबच्या नळ्या गेल्या, पण शेवटचं पाऊल तेलाचंच ठेवलं, कारण तेल सोडू शकतं. बोइंग ७८७ मध्ये विजेचे ब्रेक आहेत आणि स्पॉइलरच्या दोन जोड्या ईएमएवर चालतात. बाकीच्या बहुतेक पृष्ठभागांना तेल आहे. स्पॉइलर अनेक असतात, आणि एखादा खाली बसून राहिला तर बाकीचे सांभाळून घेतात. ईएमए कुठे चालेल याचा अंदाज तुला एवढ्यावरून येईल.

रॉकेटमध्ये गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅक्च्युएटरचं आयुष्य काही मिनिटांचं. झिजायला आणि तापायला वेळच नाही. युरोपच्या वेगा रॉकेटने २०१२ मधल्या पहिल्या उड्डाणापासून घन इंधनाच्या टप्प्यांची नोझल, म्हणजे आगीचा झोत बाहेर सोडणारी तोंडं, ईएमएवर हलवली. आपल्या इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटमध्ये घन टप्प्यांच्या लवचिक नोझलला ईएमएच आहेत. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटच्या बूस्टरमध्ये, म्हणजे खालच्या टप्प्यात, एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात इंजिनं हायड्रॉलिकने वळवत होते, नोव्हेंबरच्या दुसऱ्या उड्डाणात ती विजेवर आली. त्याच कंपनीच्या फाल्कन ९ चा पहिला टप्पा १० जानेवारी २०१५ ला समुद्रातल्या तराफ्यावर उतरताना आदळला, कारण दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल शेवटच्या क्षणी संपलं. तुमच्या गटाला मोकळेपणी निवड करता येत असेल तर विमानाचा एलेरॉन सोडून छोट्या रॉकेटची नोझल घ्या, असं मी सुचवेन. प्रश्न तेच आहेत, पण एका सत्रात त्यांचं उत्तर शोधता येईल.

मुंबईत काम करता येतं का? नक्कीच येतं. विक्रोळीला गोदरेज इस्रोसाठी विकास इंजिन बनवतं, पवईला आयआयटीचा एरोस्पेस विभाग आहे, आणि लोकल गाड्यांच्या थ्री-फेज ड्राइव्हवर हात बसलेले इंजिनियर या शहरात भरपूर आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, त्यांना भेट. प्रोजेक्टसाठी नागदेवीला बेअरिंग आणि ग्रीस मिळेल, लॅमिंग्टन रोडला ड्राइव्हचे सुटे भाग, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला रिक्षाचा डिफरन्शियल. तो मोठा आणि जड आहे, विमानात कधीच जाणार नाही, पण वेगाची बेरीज आणि चिखलातल्या चाकाचा सापळा हाताला जाणवेल असा दाखवतो. बॉलस्क्रू जुन्या सीएनसी मशीनमधून निघालेला घ्या. आधीच झिजलेला मिळाला तर उत्तमच.

जोडणी झाली की सुरळीत चालवून दाखवायचा मोह होईल. तो बाजूला ठेव. पहिल्याच दिवशी एका मोटरची वीज तोड आणि ब्रेक लागतो का बघ. मग दुसऱ्या मोटरचा दांडा पान्याने धरून अडकव. मग नटमध्ये मुद्दाम पिन घालून तो जाम कर, आणि शेजारचा अ‍ॅक्च्युएटर पृष्ठभाग हलवू शकतो का ते लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) मोज. हे करताना समोर जाड पत्र्याची जाळी लाव आणि सगळ्यांनी बाजूला उभं राहा. ताणाखाली बॉलस्क्रूचा नट फुटला की गोळ्या छऱ्यांसारख्या उडतात.